ओटीचे खण आणि घरची सुई



आपल्यापैकी प्रत्येकीच्या कपाटात एक गठ्ठा असतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात आलेला खण, संक्रांतीच्या ओटीतला खण, कुणाच्या लग्नघरून, कुणाच्या बारशाहून आलेला खण. त्यांतले काही अंगाला पुरत नाहीत, काहींचा रंग घरातल्या एकाही साडीशी जुळत नाही. मग तो खण पुढच्या कुणाच्या तरी ओटीत जातो. माझ्या ओळखीच्या एका घरातून निघालेला मोरपंखी तुकडा तीन वर्षांनी फिरत फिरत त्याच घरी परत आला आणि देणारीने तो काठावरून ओळखला. दोघीही हसल्या, पण खणाचे करावयाचे काय, हा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

आज मला बोलावयाचे आहे ते त्या गठ्ठ्याविषयी, आणि त्याच्याच खालच्या फळीवर घडी करून ठेवलेल्या जुन्या सुती साड्यांविषयी. त्या टाकवत नाहीत आणि नेसवतही नाहीत.

प्रथम एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. घरी शिवावे म्हणजे सर्व काही घरी शिवावे, असे माझे म्हणणे नाही. मुलाचा सदरा, शाळेचा गणवेश, रोजचे झबले बाजारात चांगले मिळते आणि घरी शिवण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्तही पडते. आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा घरोघरच्या स्त्रियांचे डोळे आणि बोटे वाचली. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली या एका यंत्राला आवर्जून अपवाद केले होते. पण तेच यंत्र कारखान्यात शेकड्यांनी मांडले गेल्यावर सदऱ्यांचा प्रश्न सुटला. सदऱ्यासाठी आज आपण हट्ट धरण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो ज्या वस्तू बाजार करीतच नाही त्यांचा. कुंची, मऊ दुपटे, जुन्या लुगड्याची गोधडी, आपल्या दाराच्या मापाचे तोरण, चौरंगावरचे आसन. पुण्या-मुंबईच्या काही दुकानांत कुंची टांगलेली दिसते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहणारी माणसे. आमच्या बाजारात बाळाच्या टोप्या ढिगाने आहेत, परंतु कुंची मागितली तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहतो. ग्वाल्हेर, बडोदे, हैद्राबाद येथील भगिनींचा अनुभव फार निराळा नसावा. आता टपालाने सर्व काही मागविता येते, हे खरे. तशी एक मागवून पाहिली. वरून जरीची आणि आतून खरखरीत नायलॉनचे अस्तर. फोटोसाठी ठीक, बाळाच्या टाळूसाठी नव्हे.

ही कुंची मागविण्याची पाळी का आली, ते सांगते. कारण पुढचे सारे त्यातूनच मला शिकावे लागले. माझी भाची बडोद्यास असते. तिचे दिवस भरत आले तेव्हा तिने विचारले, "मावशी, बारशाला कुंची कुठे मिळेल गं?" मी म्हटले, "मिळेल कशाला? आपल्या घरी आहे." माझ्या माहेरी, बेळगावास, आजीने शिवलेली एक कुंची होती. ती माझ्या डोक्यावरून, माझ्या भावंडांच्या डोक्यांवरून आणि नंतर आमच्या मुलांच्या डोक्यांवरून गेली होती. ती मागवून घेतली. ट्रंकेतून आली तेव्हा तिचा खण घडीवर विरलेला, आणि बोट लावावे तेथे फाटत होता. बाळाला ती घालणे शक्यच नव्हते.

तेव्हा मी ठरविले की तिच्यावर बेतून नवी शिवावी. पाहता पाहता लक्षात आले की वरवर पाहून ती शिवता येणार नाही. चौकोनी कापडाला डोक्यासारखा गोलावा कसा आला आहे, ते बाहेरून कळेना. पाठीमागची कुठलीही गोल शिवण दिसत नव्हती. दोन दिवस विचार केला आणि अखेर मन घट्ट करून आजीची मागची शिवण उसवली. दहा-बारा टाके निघाले, आणि आत दुमडून दडवलेला एक लहानसा त्रिकोण हाती आला. सारे रहस्य एवढेच. आणखी एक गोष्ट दिसली. अस्तर म्हणून जे पांढरे मऊ कापड आत होते, ते आजोबांच्या धोतराचे होते. त्याच्या एका कडेस धोतराचा बारीक काठ तसाच राहिला होता.

आता कृती सांगते. साधी कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर बरे.

खणाचा ४० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब असा सरळ तुकडा घ्यावा. खण अरुंद असून त्याचे दोन्ही काठ या रुंदीत येत असतील तर उत्तमच. ते बाळाच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंस येतात. अस्तरासाठी त्याच मापाचे जुने, मऊ, सुती कापड घ्यावे. नवे कापड कितीही भारी असले तरी आतल्या बाजूस नको. कापण्यापूर्वी खण आणि अस्तर दोन्ही धुऊन वाळवावे. या ठिकाणी मी चुकले, म्हणून ठासून सांगते. गडद तांबडा खण घेतला, पाणी न दाखवताच कापला, शिवला, आणि पहिल्या धुण्यात पांढऱ्या अस्तरावर गुलाबी डाग उमटले. सारी कुंची पुन्हा उसवावी लागली. ओले पांढरे फडके खणावर दाबून धरावे. त्यावर रंग उतरला तर तो खण बाळासाठी बाजूला ठेवून तोरणाला वापरावा.

दोन्ही तुकडे सुलट बाजू आत येतील असे एकावर एक ठेवून चारी बाजूंनी एक सेंटिमीटर आत टीप मारावी; फक्त बोटे जातील एवढी जागा खालच्या कडेला मोकळी सोडावी. तेथून कापड उलटून सुलटे करावे व ती जागा हाताने बारीक टाक्यांनी मिटवावी. आता हा तुकडा लांबीने मधोमध दुमडावा. वरच्या आखूड कडेचे दोन भाग एकमेकांवर येतात, ते जोडावे. एका टोकाला चेहऱ्याची उघडी बाजू आणि दुसऱ्या टोकाला मागचा टोकदार कोपरा, अशी टोपी तयार होते. कोपऱ्याचे टोक आतल्या बाजूस ओढावे, टोकापासून चार सेंटिमीटरवर आडवी टीप घालावी आणि तो त्रिकोण आतच दोन टाक्यांनी अस्तराला टाचून टाकावा. डोक्याचा गोलावा आला. आजीने तो कापून टाकला नव्हता, दुमडून ठेवला होता. बाळ मोठे होऊ लागले की उसवून जागा वाढविता यावी म्हणून, असे मला वाटते.

वरच्या शिवणीपासून सुमारे १८ सेंटिमीटर खाली मानेचा भाग येतो. तेथे मागे तीन लहान चुण्या घालाव्या, म्हणजे कुंची मानेशी थोडी आवळून बसते. खालचे कापड पाठीवर मोकळे सोडावे. चुण्यांच्या रेषेत पुढच्या दोन्ही कडांना मऊ कापडाचे बंद लावावे, प्रत्येकी १५ सेंटिमीटरचे. त्याहून लांब नकोत. बांधल्यावर बंदाखालून आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत.

कुंचीला गोंडे, मणी, घुंगरू लावण्याची हौस आपल्याकडे मोठी. मी ती करीत नाही, आणि तुम्हीही करू नये असे सुचवीन. तान्हे मूल हाती येईल ते तोंडात घालते, आणि सुटलेला एक मणी घशात अडकण्यास पुरेसा असतो. शोभाच हवी तर कशिदा काढावा. बेळगाव-धारवाडकडील भगिनींना कसुतीचे टाके सांगावयास नकोत. गवंतीच्या टाक्याने काढलेली एक लहानशी ओळ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि तिच्यातून सुटून येण्यासारखे काही नसते. दुसरी गोष्ट म्हणजे कुंची हे मिरविण्याचे वस्त्र आहे, निजण्याचे नव्हे. निजलेल्या बाळाचे डोके झाकू नये, गळ्याशी बंद असू नये, आणि तोंडाजवळ सैल कापड, उशी किंवा जाड पांघरूण असू नये, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आमच्या आया-आज्यांनी निराळे केले, हे मला ठाऊक आहे. तरीही या बाबतीत मी डॉक्टरांचेच ऐकेन. पाळण्यात ठेवण्यापूर्वी कुंची उतरवावी.

येथूनच दुपट्याकडे व गोधडीकडे वळते, कारण त्यांचा जीव जुन्या कापडात आहे. नवे सुती कापड खळीमुळे ताठ असते. शंभर धुण्यांतून गेलेल्या साडीची खळ गेलेली असते, सुताचा पीळ सैलावलेला असतो, आणि म्हणून ती पाणीही पटकन शोषते. तान्ह्या मुलाला याहून काय हवे? मात्र साडी खरोखर सुती आहे काय, हे पाहून घ्यावे. आता सुतात कृत्रिम धागा मिसळलेला असतो आणि तो डोळ्यांना कळत नाही. पदराकडचे दोन-चार धागे ओढून चिमट्यात धरावे आणि मोरीच्या कडेला उभे राहून पेटवावे. सूत कागदासारखे जळते, वास कागदाचा येतो आणि मऊ राख पडते. कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कठीण मणी धरतो. असा मणी धरणारी साडी पिशव्यांसाठी ठेवावी, बाळाखाली घालू नये.

दुपट्याला फारसे शिकण्यासारखे नाही. साडीच्या न विरलेल्या भागातून ९० सेंटिमीटरचे दोन चौरस काढावे, एकत्र शिवून उलटावे आणि चार बोटांच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घालाव्या, म्हणजे धुण्यात थर सरकत नाहीत. शिवणीच्या कडा आत दडलेल्या असाव्यात. उघडी दुमड कोवळ्या कातड्याला टोचते. हे काम शाळेतली मुलगी एका दुपारी करील, आणि मुलगाही करील. मुलांना निदान गुंडी लावता यावी असे आपण म्हणतो आणि त्यांच्या हाती सुई देत मात्र नाही.

गोधडीचे तसे नाही. ती सोपी आहे, पण लहान नाही. बेळगावाकडे तिला कोणी कौदी म्हणतात, देशावर वाकळ म्हणतात, बडोद्यास शेजारीण तिला गोदडी म्हणते. नावे पुष्कळ, वस्तू एक: धावदोऱ्याने एकत्र बांधलेले जुन्या कापडाचे थर. हिशेब पाहा. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक दोन मीटरहून थोडा मोठा पडतो, आणि लुगड्याचा पन्हा सव्वा वार, म्हणजे सुमारे ११५ सेंटिमीटर असतो. एका लुगड्यातून एका माणसाची चार थरांची गोधडी बेताने होते. जणू लुगडे विणताना विणकराने हा हिशेबही मनात धरला असावा! साडेपाच मीटरच्या साडीतून मात्र दोनच पूर्ण तुकडे निघतात. चार थरांना दोन साड्या लागतात.

थर किती, हे गावावर ठरवावे. गोव्यात दोन थर पुष्कळ झाले. आम्हांला इंदुरात चार लागतात. ग्वाल्हेरची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्या सहाखाली समाधान मानणार नाहीत. पण सहाच्या वर जाऊ नये. ओली गोधडी किती जड होते, हे ती पिळून दोरीवर टाकताना कळते, आणि आत ओल राहिली की तिला कुबट वास धरतो. विरलेले तुकडे आत, भक्कम तुकडे बाहेर. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसण्याची जागा आणि टाचेशी घासणारी कड आधी जाते. पदर आणि त्याच्या आतला हातभर भाग बहुधा शेवटपर्यंत शाबूत असतो, म्हणून तो वर घ्यावा.

सारे थर जमिनीवर पसरून तळहाताने सपाट करावे, कडेला पाट किंवा जाड पुस्तके ठेवावी आणि मोठमोठे कच्चे टाके घालून थर बांधून घ्यावे. या कच्च्या टाक्यांचा कंटाळा करणारीची गोधडी मध्यभागी फुगते. मग जाड सुती दोरा आणि लांब सुई घेऊन पक्का धावदोरा सुरू करावा. एका वेळी दोरा हातभरच घ्यावा. लांब दोरा वाचवावा म्हणून घेतला तर गुंता सोडविण्यात त्याहून अधिक वेळ जातो. ओळी दोन बोटांच्या अंतराने असाव्या. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन घेत मध्याकडे जाण्याची रीत जुनी आणि चांगली आहे, कारण प्रत्येक फेरीत पुढचा भाग तळहाताने आत सारीत नेता येतो. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी समाजाच्या स्त्रियाही आपल्या कवंदी अशाच कडेपासून आत शिवतात. त्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेली लहान त्रिकोणी फुले बसवितात. त्यांच्या मते त्या फुलांवाचून कवंदी उघडी, अपुरीच राहते. चिंध्यांच्या पांघरुणालाही शोभा हवीच, हा त्यांचा आग्रह मला फार आवडतो. अंगुस्तान वापरावे. चार थरांतून दिवसभर सुई ढकलून बोटाला घट्टे पडले की दुसऱ्या दिवशी काम बंद, आणि बंद पडलेली गोधडी पुढच्या हिवाळ्यापर्यंत माळ्यावर जाते.

यंत्रावर ती होणार नाही काय? होते, पण ताठ होते. यंत्राची टीप वरचा आणि खालचा दोरा घट्ट आवळते. हाताचा टाका सैल बसतो आणि थरांमध्ये हवा राहते. ऊब त्या हवेची असते. ज्यांना यंत्रावरच करावयाची आहे त्यांनी टाका लांब ठेवावा आणि १६ क्रमांकाची सुई लावावी. दुपट्याला १४ आणि तलम कापडाला ११ पुरे. सुई मोडते ती बहुधा याच गफलतीने.

आता सणांकडे येऊ. गोव्यातील भगिनींना गणपतीच्या सजावटीविषयी मी काय सांगावे? त्यांच्या माटोळीला रानातली फळे, फुले, वेली टांगलेल्या असतात; तिच्यापुढे कापडाची प्रतिष्ठा नाही. आम्हां इतरांची गोष्ट वेगळी. आम्ही मधली कित्येक वर्षे थर्माकोलची मखरे आणली, अनंतचतुर्दशीनंतर मोडली आणि कचऱ्यात टाकली. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीला बंदी झाली, तेव्हा तिकडच्या घरांतून 'आता आरास कशाची?' हा प्रश्न एकदम उभा राहिला. उत्तर कपाटातल्या गठ्ठ्यात होते. कापडाची आरास धुऊन, घडी करून पुढच्या वर्षी पुन्हा काढता येते.

तोरण शिकावयास तास पुरतो, कारण त्यात एकही गोल कापणी नाही. गुळेदगुड्डचा खरा खण असेल तर तोरण उठून दिसते. बागलकोट जिल्ह्यातले ते गाव या कापडासाठीच प्रसिद्ध आहे. पण ओटीतला कोणताही सुती तुकडा चालतो. १६ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असे अकरा तुकडे कापावे. एका तुकड्याची खालची लांब कड मधोमध खुणावून तिचे दोन्ही कोपरे उलट्या बाजूस वर दुमडावे, दोन्ही कडा मध्यरेषेवर भेटतील असे. खाली टोक आणि वर दोन सेंटिमीटरची पट्टी उरते. इस्त्री फिरवावी. कापलेली कड मागे जाते, पुढून फक्त स्वच्छ घडी दिसते. दुमड शिवण्याची गरज नाही. घडीची पाने शेजारच्या पानावर निम्मी चढतील अशी मांडली की अकरा पानांत ९६ सेंटिमीटर लांबी भरते. सामान्य दारास एवढे पुरते; दार मोठे असेल तर दर आठ सेंटिमीटरला एक पान वाढवावे. वरच्या कडेला एक मीटर लांब, आठ सेंटिमीटर रुंद पट्टी दुमडून पानांची दोन सेंटिमीटरची कड तिच्यात धरून टीप मारावी, आणि दोन्ही टोकांना अडकविण्यासाठी बंदाचे फासे लावावे. पाने दोन रंगांची आलटून पालटून घेतली तर दोन खण संपतात, आणि गठ्ठा तेवढा हलका होतो.

पट्टीसाठी इंदूरकरांना एक सोय आहे. महेश्वरी साडीचा काठ बहुधा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. तो पट्टीला लावला तर तोरण घराच्या आतूनही तितकेच चांगले दिसते. विरलेली चंदेरी असेल तर ती तोरणाला किंवा गोधडीला घेऊ नये, ताण सोसत नाही. तिच्या वरच्या कडेला चार सेंटिमीटरचा नेफा घालून काठीत ओवली की गणपतीच्या मागचा पडदा झाला. मागून दिवा लावला तर प्रकाश गाळून येतो. दिवा विजेचा, एवढे मात्र पाळावे. निरांजन, समई आणि उदबत्ती यांच्यापासून प्रत्येक कापडी वस्तू हातभर लांब असावी, आणि आरतीच्या ताटाच्या वरच्या जागेत काहीही लोंबू देऊ नये. कृत्रिम कापड या जागी मुळीच नको. ते पेटले की वितळून अंगाला चिकटते.

गुढीच्या वस्त्रासाठी नवी साडी कापणाऱ्या काही जणी मला भेटतात. त्याची गरज नाही. साडीच्या निऱ्या घालून त्यांतून एकच कच्चा दोरा ओवावा, काठीला बांधावा आणि संध्याकाळी दोरा ओढून काढावा. साडी जशीच्या तशी कपाटात जाते.

उरलेल्या तुकड्यांचे बटवे करावे. संक्रांतीच्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्या देण्यापेक्षा बटवा दिलेला बरा, कारण तो वापरला जातो. २० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर लांब पट्टी घ्यावी. तिची दोन्ही आखूड टोके आत चार सेंटिमीटर दुमडून, दोन सेंटिमीटरच्या अंतरावर समांतर अशा दोन टिपा घालून, नाडीसाठी वाट करावी. मग पट्टी आडवी मधोमध दुमडून दोन्ही बाजू नाडीच्या वाटेपर्यंतच शिवाव्या. वाटेची तोंडे मोकळी राहिली पाहिजेत. दोन नाड्या घ्याव्या. एक डाव्या बाजूने घालून पूर्ण फेरी करून डावीकडेच काढावी, दुसरी उजव्या बाजूने. एकच नाडी घातली तर बटवा एका अंगाला ओढला जातो. हे मी प्रथम एकाच नाडीचे बारा बटवे वाटून झाल्यावर शिकले.

कुंचीची हकीगत अर्धीच राहिली. दुसऱ्यांदा शिवलेली कुंची वेळेवर झाली. तिला खण माझ्याच ओटीतला आहे, हिरवा, तांबड्या काठाचा. अस्तरासाठी मात्र मी आजीच्या कुंचीतलेच कापड सोडवून पाहिले. सत्तरएक वर्षांचे ते धोतर खणाहून भक्कम निघाले, पण पूर्ण तुकड्याला पुरले नाही. तेव्हा डोक्याकडचा भाग आजोबांच्या धोतराचा आणि पाठीवरचा भाग माझ्या आईच्या पांढऱ्या साडीचा, असा जोड दिला. जोडाची शिवण खालच्या बाजूस, खण व अस्तर यांच्या मध्ये आहे; बाळाच्या अंगाला ती लागत नाही. भाचीच्या सासूबाईंनी बारशाच्या दिवशी कुंची उलटी करून अस्तर पाहिले आणि विचारले, "हा काठ कशाचा?"

भाचीने सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला: त्यांच्या धाकट्या मुलीला मार्गशीर्षात होणार आहे, घरात सासऱ्यांचे एक धोतर आहे, तर कुंचीची मापे कळवावीत. ४० आणि ६०, असे मी सांगितले, आणि धोतर आधी धुऊन घ्या, म्हणून पुन्हा एकदा सांगितले.